रिपोर्ट नॉर्मल आला, पुढे काय?

रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. ओटा पुसून मी दूध विरजायला घेतलं होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात आमची शेजारीण. पदराने कपाळ पुसत म्हणाली, "ताई, जरा येता का? पोरगी कशीतरीच करतेय."

गेले. दहावीतली ती पोर पलंगावर बसली होती. मला बघून छान हसली आणि म्हणाली, "काकू, मॅच कोण जिंकलं?" मी म्हटलं, "अगं, तूच खेळलीस ना? तूच सांग." तर दोन मिनिटांनी पुन्हा तेच, "काकू, मॅच कोण जिंकलं?" तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. "संध्याकाळपासून हेच चाललंय हो."

दुपारी तालुक्याला शाळांच्या कबड्डी स्पर्धा होत्या. पकड करताना समोरच्या मुलीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. क्षणभर ती मातीतच बसून राहिली, मग उठली, कपडे झटकले. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, "खेळणार ना?" म्हणून विचारलं. ती "हो" म्हणाली. म्हणणारच! संघ जिल्ह्याला जायची वेळ, त्यात दहावीचं वर्ष, खेळाच्या वाढीव गुणांचा प्रश्न. अशा वेळी रडूबाई कोण म्हणवून घेणार?

रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं, तिथून शहरात सीटी स्कॅनला. रात्री दीड वाजता रिपोर्ट हातात आला. 'नॉर्मल'. घरी येऊन शेजारणीने देवापुढे साखर ठेवली. पैसे गेले त्याचं काही नाही, पोर वाचली, असं म्हणून आम्ही सगळेच निर्धास्त झालो.

पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली. पोरीचं डोकं सारखं दुखायचं. ट्यूबलाइटचा उजेड सहन व्हायचा नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. धड्यातली एक ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरायची नाही, मग चिडून पुस्तक भिरकावून द्यायची. घरात बोलणी सुरू झाली. आजी म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आलाय ना? मग ही नाटकं कशाला? अभ्यास नको, दुसरं काय!" आणि गंमत बघा, एकीकडे ही अशी, तर दुसरीकडे स्वतःच हट्ट धरून बसलेली, "मला काही झालं नाही, मला सरावाला जाऊ दे."

एका दुपारी मेथी निवडता निवडता शेजारीण म्हणाली, "ताई, थेंबभर रक्तावरून साखर कळते, थायरॉइड कळतो, डेंगी कळतो. मग डोक्याच्या आत मार लागलाय की नाही, हे सांगणारी रक्ताची तपासणी कुणी काढलीच नाही का हो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. पण प्रश्न मनातून जाईना. भाचा डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेतोय, त्याच्याकडून लेख मागवले. शब्द अडला की त्याला फोन, असं करत दोन महिने वाचत होते. शेवटी उत्तर मिळालं. ते असं, की तपासणी निघाली आहे, चांगलीही आहे, पण ती एका आईच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते! मैत्रिणींनो, हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण आज ना उद्या ही तपासणी आपल्याही दारात येणार आहे.

भिंती शाबूत, दिवे गेलेले

आपला मेंदू कवटीच्या पेटीत, पाण्यासारख्या द्रवात जपून ठेवलेला असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला, की तो आतल्या आत हिंदकळतो. त्यातले केसाहूनही बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा हिशेब बिघडतो. काही फुटत नाही, रक्त साकळत नाही, पण कारभार विस्कटतो. याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. यात शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. बहुतेकांची हरपतच नाही.

सीटी स्कॅन म्हणजे एक प्रकारचा फोटो. हाड मोडलंय का, रक्तस्राव झालाय का, सूज आहे का, हे त्यात दिसतं. कन्कशन दिसत नाही. घराचा बाहेरून फोटो काढला तर भिंती उभ्या दिसतील, पण आतले दिवे गेलेत, हे कसं कळणार? तेव्हा आमच्या पोरीच्या 'नॉर्मल' रिपोर्टचा अर्थ 'जीवघेणा रक्तस्राव दिसला नाही' एवढाच होता. तो दिलासा मोठाच. पण 'काही झालंच नाही' असा त्याचा अर्थ आम्ही घेतला, तिथे चुकलो.

मग डॉक्टर कन्कशन ओळखतात कसं? लक्षणं विचारून, तोल बघून, आठवण तपासून. आणि इथेच घोळ आहे. कारण निम्मं उत्तर खेळाडूच्या तोंडून यायचं असतं, आणि खेळाडूला तर खेळायचं असतं!

क्रिकेट बघणाऱ्या मैत्रिणींना आठवत असेल. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेराच्या टी-ट्वेंटी सामन्यात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर आदळला. तो षटक संपेपर्यंत खेळला. डाव संपल्यावर त्याला चक्कर येत असल्याचं सांगितलं गेलं आणि त्याच्या जागी युजवेंद्र चहल उतरला. असा बदली खेळाडू घेण्याची मुभा क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून आहे. चहलने तीन बळी घेतले, भारत जिंकला आणि ऑस्ट्रेलियाच्या गोटातून नाराजीचा सूर निघाला. त्या वादात कोण बरोबर हे सोडा. पण 'हा घ्या पुरावा' म्हणून पुढे ठेवता येईल, असा कागद तेव्हा कुणाकडेच नव्हता. एवढ्या मोठ्या संघांची ही अवस्था, तर तालुक्याच्या मातीच्या मैदानावर काय असणार?

रक्तात काय शोधतात?

हृदयविकाराचा झटका आला, की रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी करतात, हे आता घरोघरी माहीत झालंय. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं हे प्रथिन रक्तात उतरतं. तसंच मेंदूचंही असणार, या विचारातून शास्त्रज्ञ अनेक वर्षं मेंदूची प्रथिनं रक्तात शोधत आहेत.

त्यातली दोन सध्या सगळ्यात पुढे आहेत. एक जीएफएपी. मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात, त्यांच्यातलं हे प्रथिन. दुसरं यूसीएच-एल१, ते खुद्द चेतापेशींमधलं. यांच्याशिवाय टाऊ आणि न्यूरोफिलामेंट लाइट अशी आणखी दोन आहेत, ती चेतातंतूंच्या आतल्या सांगाड्याची. मेंदूला इजा झाली की यांचे कण रक्तात झिरपतात. किती? तर हे पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. एवढं बारीक मोजणारी यंत्रं आली, तेव्हाच हे शक्य झालं.

त्यात पुन्हा प्रत्येकाची वेळ निराळी. यूसीएच-एल१ झपाट्याने वाढतं आणि साधारण आठ तासांनी सर्वांत जास्त असतं. जीएफएपी तासाभरात दिसू लागतं, पण त्याला वर चढायला वीसेक तास लागतात आणि पुढचे दोन-तीन दिवस ते उतरत राहतं. म्हणजे रक्त कोणत्या वेळी घेतलं यावर आकडा ठरणार. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवल्याबरोबर बघितलं तर दूध शांतच दिसणार ना? तसंच हे.

बारीक चाळणीची गोष्ट

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जीएफएपी आणि यूसीएच-एल१ मोजणाऱ्या तपासणीला पहिल्यांदा परवानगी दिली. बातम्यांचे मथळे झळकले, 'कन्कशनची रक्ततपासणी आली!' पण परवानगी कशासाठी होती? तर डोक्याला मार लागून आलेल्या, अठरा वर्षांवरच्या माणसाला सीटी स्कॅनची गरज आहे की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना मदत म्हणून. बस, एवढंच.

ज्या अभ्यासावर ही परवानगी मिळाली, त्याचे आकडे मला फार बोलके वाटले. हा अभ्यास अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णालयांत झाला. मार लागल्यापासून बारा तासांच्या आत रक्त घेतलेल्या १,९५९ रुग्णांची माहिती त्यात तपासली गेली. त्यांतल्या १२५ जणांच्या सीटी स्कॅनमध्ये आत काहीतरी इजा दिसली होती. रक्ततपासणीने ६७१ जणांना 'इजा नसावी' असं सांगितलं. त्यांतल्या फक्त तिघांच्या स्कॅनमध्ये इजा निघाली. शाबास! म्हणजे ही तपासणी 'नाही' म्हणाली, तर बहुतेक वेळा निर्धास्त राहता येतं.

आता दुसरी बाजू बघा. उरलेल्या १,२८८ जणांना तपासणीने 'इजा असू शकते' असं सांगितलं. त्यांपैकी खरोखर स्कॅनमध्ये इजा निघाली १२२ जणांच्या. बाकी हजारावर माणसांचे स्कॅन स्वच्छ होते!

आपण तांदूळ चाळतो तेव्हा काय होतं? चाळणी फार बारीक घेतली तर खडा खाली जात नाही, पण चांगला तांदूळही वर अडकतो. मोठ्या भोकांची घेतली तर तांदूळ भरभर पडतो, पण एखादा खडा दाताखाली येतो. प्रत्येक तपासणी ही अशी चाळणी असते. ही २०१८ ची तपासणी मुद्दाम बारीक भोकांची केलेली आहे, कारण रक्तस्रावाचा एकही खडा निसटायला नको. त्या कामासाठी ती उत्तमच. नको तिथे सीटी स्कॅनचा खर्च आणि क्ष-किरणांचा मारा वाचतो. पुढे २०२१ मध्ये हेच काम पंधरा मिनिटांत करणाऱ्या, हातात मावणाऱ्या यंत्राला तिथे परवानगी मिळाली. आणि एप्रिल २०२४ मध्ये रक्तातला पातळ भाग वेगळा न काढता, रुग्णाच्या खाटेशेजारी, मार लागल्यापासून चोवीस तासांच्या आत तपासायची सोय झाली. वयाची अट मात्र तीच, अठरा पूर्ण.

म्हणजे आमच्या पंधरा वर्षांच्या पोरीला ती लागूच नव्हती. आणि लागू असती तरी तिने सांगितलं काय असतं? स्कॅन करा किंवा करू नका. स्कॅन तर आम्ही केलाच होता!

आईचे तीन प्रश्न

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की मैदानावरून पोर घरी आली, की आईचे खरं तर तीन प्रश्न असतात. पहिला, आत रक्तस्राव तर नाही ना? दुसरा, हिला कन्कशन झालंय का? तिसरा, ही परत कधी खेळू शकेल? आतापर्यंतची तपासणी पहिल्या प्रश्नापुरती. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी खेळाडूंवरच अभ्यास करावा लागतो, आणि ते काम फार अवघड आहे.

का अवघड? एस१००बी नावाचं एक जुनं प्रथिन आहे. स्कँडिनेव्हियन देशांतल्या डॉक्टरांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत, मोठ्या माणसांना स्कॅन टाळता येईल का हे ठरवायला त्याचा वापर सांगितला. पण हे प्रथिन चरबीच्या पेशींतही असतं आणि नुसतं जोरात धावलं, व्यायाम केला, तरी रक्तात वाढतं. आता खेळाडू म्हटला की तो धावणारच! मग वाढलेला आकडा डोक्याच्या मारामुळे की पळण्यामुळे, हे कसं ठरवायचं?

म्हणून खेळाडूंच्या चांगल्या अभ्यासात आधी, म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वीच सगळ्यांचं रक्त घेऊन ठेवतात. मग ज्याला मार लागेल त्याचं पुन्हा घेतात. आणि त्याच्याबरोबर, तोच खेळ खेळणाऱ्या, धक्के खाणाऱ्या पण कन्कशन न झालेल्या खेळाडूंचंही घेतात. असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तरच तपासणीची पारख होते.

स्वीडनमध्ये २०१२-१३ च्या हंगामात बर्फावरच्या हॉकीच्या सर्वोच्च लीगमधल्या २८८ खेळाडूंवर असा अभ्यास झाला. ३५ जणांना कन्कशन झालं, त्यांतल्या २८ जणांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासता आलं. त्यांच्या रक्तात टाऊ वाढलेलं दिसलं. मार लागल्यानंतर तासाभरातला टाऊचा आकडा आणि लक्षणं जायला लागलेले दिवस यांचा काही संबंधही दिसला. म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रश्नाची ही एक धूसर वाट. पण खेळाडू अवघे २८, आणि सगळे धंदेवाईक पुरुष.

त्याहून मोठा अभ्यास अमेरिकेतला. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने आणि संरक्षण खात्याने मिळून २०१४ मध्ये एक मोठा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या रक्ततपासणीचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. कन्कशन झालेले २६४ खेळाडू, धक्काबुक्कीच्याच खेळातले पण कन्कशन न झालेले १३८, आणि ज्यात धक्का लागत नाही अशा खेळांतले १०२. मार लागल्यावर जीएफएपी, यूसीएच-एल१ आणि टाऊ ही तिन्ही वाढली. म्हणजे 'नॉर्मल' स्कॅनवाल्या पोरांच्या मेंदूत खरोखर काहीतरी घडत होतं, ती नाटकं नव्हती! हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला शेजारच्या आजींची आठवण झाली.

पण वाढणं वेगळं आणि एकेकाला अचूक ओळखणं वेगळं. एक कन्कशन झालेला आणि एक न झालेला खेळाडू घ्या, आणि जीएफएपी-यूसीएच-एल१ च्या आकड्यांवरून कुणाला लागलंय ते ओळखा, असं म्हटलं तर शंभरातल्या एकाहत्तर वेळा उत्तर बरोबर येईल, असा त्या अभ्यासाचा हिशेब. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतंच की! तेव्हा एकाहत्तर म्हणजे आशा आहे, पण भरवसा नाही. अशा कागदावर मी तरी कुणाच्या पोरीला मैदानात धाडणार नाही.

आणखी एक गोष्ट मला बोचली. त्या २६४ मध्ये २११ मुलगे होते. पाचात चार! फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या, मुलं आणि मुली दोघंही खेळतात त्या खेळांत मुलींना कन्कशनचं प्रमाण जास्त दिसतं, हे अमेरिकेतल्याच नोंदी सांगतात. आणि तपासणीची पारख मात्र बहुतेक मुलांच्या रक्तावर. मापं घ्यायची भावाची आणि झंपर शिवायचा बहिणीचा, तो अंगाला बसणार कसा?

शेवटची अडचण तर मुळातलीच. तपासणी बरोबर की चूक, हे ठरवायचं कशावरून? तर डॉक्टरांच्या निदानावरून. आणि डॉक्टरांचं निदान कशावर? बरंचसं खेळाडूच्या सांगण्यावर. त्याने चक्कर लपवली, तर तो 'कन्कशन न झालेल्या' रांगेत जाऊन बसतो आणि सगळा हिशेब बिघडतो. वजनमापच खोटं असेल, तर तराजूला दोष देऊन काय उपयोग? तेव्हा "मला काही झालं नाही" हे आमच्या पोरीचं खोटं नुसतं घरापुरतं नाही. अशा लपवालपवीने शास्त्रज्ञांचीही वाट अडते.

म्हणूनच ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले, आणि जून २०२३ मध्ये त्यांचं निवेदन प्रसिद्ध झालं, त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं, की खेळातल्या कन्कशनसाठी रक्ताच्या अशा तपासण्या संशोधनाला उपयोगी आहेत, पण रोजच्या निदानासाठी अजून नाहीत.

तोवर आपण काय करायचं?

आमच्या गावातल्या लॅबवाल्या दादांना मी विचारून आले. त्यांनी हसून मान हलवली. पण उद्या एखादं 'डोक्याच्या माराचं पॅकेज' निघालंच, तर चार गोष्टी विचारा. ही कोणत्या वयासाठी? मार लागल्यापासून किती तासांत? नक्की कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते? आणि 'नाही' आलं म्हणून खेळायला पाठवता येतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज तरी 'नाही' असंच आहे.

तोवर तपासणी आपल्याच डोळ्यांनी करायची. ऑस्ट्रेलियातले एक संशोधक, डेव्हिड मॅडॉक्स, यांनी १९९५ मध्ये काही साधे प्रश्न सुचवले, ते अजून जगभर वापरतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गुण कुणी मिळवला? मागची मॅच कुणाबरोबर होती? ती आपण जिंकलो का? "तुझं नाव काय" हे विचारून काही कळत नाही, नाव कुणीही सांगतं. उत्तर चुकलं, की खेळ थांबवायचा. पण सगळी बरोबर आली म्हणून लगेच आत पाठवायचं नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय, धूसर दिसतंय, चाल डगमगतेय, नुसती शंका जरी आली, तरी त्या दिवशी परत आत नाही. सेकंदभर उभी राहून "ठीक आहे" म्हणणं ही काही परीक्षा नव्हे.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, शुद्ध हरपणं, वाढती गुंगी, एकाची दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, मान खूप दुखणं, विचित्र वागणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र आहे, पैसे नाहीत, असलं काही बघायचं नाही, थेट दवाखाना. आपला रमण लांबा आठवतो ना? फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला क्लबच्या सामन्यात हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा होता, चेंडू डोक्याला लागला. स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. पण आत रक्तस्राव झाला होता. पुढे शुद्ध हरपली आणि २३ फेब्रुवारीला तो गेला. चालत घरी येणं म्हणजे बरं असणं नव्हे.

रिपोर्ट नॉर्मल आला, तर पहिले एक-दोन दिवस विश्रांती. अंधाऱ्या खोलीत डांबून ठेवायची गरज नाही. घरात हिंडणं-फिरणं चालतं, मोबाइल आणि टीव्ही मात्र कमी. मग हळूहळू शाळा, हलका व्यायाम, धावणं, धक्का न लागणारा सराव, अशा पायऱ्या. खेळाच्या पायऱ्या चढताना प्रत्येकीला किमान एक दिवस द्यायचा, त्रास वाढला तर थांबायचं. आणि प्रत्यक्ष पकडीला जाण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यायचीच. बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात. पण मेंदू सावरायच्या आत दुसरा फटका बसला, तर क्वचित का होईना, कोवळ्या वयात जिवावर बेततं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका तेरा वर्षांच्या मुलाला मार लागूनही खेळवलं गेलं आणि तो कायमचा अपंग झाला. त्यावरून २००९ मध्ये तिथे कायदाच झाला, की शंका आली की मूल मैदानाबाहेर, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. कायद्यालाही रक्ताचा रिपोर्ट लागला नाही!

आमच्या पोरीला बरं व्हायला पाच आठवडे लागले. जिल्ह्याची स्पर्धा हुकली. ती रडली, आईशी चार दिवस अबोला धरला. "गुण गेले ना माझे!" म्हणाली. शेजारीण मला हळूच म्हणाली, "गुण काय, पुढच्या वर्षी बारा मिळतील नाहीतर नाही मिळणार. डोकं कुठून आणू?" आजींना मी त्या २६४ खेळाडूंची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून कुकर लावायच्या आधी पोरीच्या खोलीचं दार स्वतः ओढून घ्यायला लागल्या.

महिला मंडळातर्फे आम्ही ते पाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून शाळेत दिले. क्रीडाशिक्षकांनी कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, गेला हा कागद कपड्यांबरोबर धुवायला.

परवा शाळेच्या मैदानावरून येत होते. सराव चालला होता. दोघी एकमेकींवर आदळल्या, एक खाली बसली. सरांनी शिट्टी मारली, जवळ गेले, गुडघ्यावर बसले आणि विचारलं, "मागच्या मॅचला आपण कुणाला हरवलं, सांग बरं." मुलीने थोडा विचार केला आणि भलत्याच शाळेचं नाव घेतलं. सरांनी तिचा हात धरला आणि तिला झाडाखाली आणून बसवलं. "आता आज नाही," म्हणाले, आणि तिच्या घरी फोन लावला.